मागे राहिलेल्यांचा इतिहास

वर्गात “अब्बा कुठे असतात?” विचारलं की कुवेत, कतार, दुबई अशी उत्तरं येतात. आपल्याला वाटतं, १९७३ मध्ये तेलाचे भाव चढले आणि हे सुरू झालं. पण कोकणी मुसलमान त्याच्या कितीतरी आधीपासून दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जात होते. बायका-मुलं बहुधा गावीच राहत. १९०६ च्या कायद्यानंतर गावी येताना परतीचा परवाना काढावा लागे. मुदत चुकली की तिकडची दारं बंद. बाप घरी असतानाही दिवस मोजले जात.

मार्च १९१३ मध्ये केपच्या कोर्टाने, बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माप्रमाणे झालेलं लग्न मानायला नकार दिला. निकाह झालेली बायको कायद्यापुरती कुणीच उरली नाही! या अपमानामुळे तिथल्या भारतीय स्त्रियाही गांधीजींच्या सत्याग्रहात उतरल्या. १९१४ मध्ये कायदा बदलला. एका पत्नीला आणि अल्पवयीन मुलांना प्रवेश मिळाला.

परदेशातून पैसा किती आला, हे आपण अभिमानाने सांगतो. वाट पाहणाऱ्यांचं कोण लिहिणार? माझ्या वर्गातल्या प्रगतिपुस्तकांवर वडिलांच्या सहीच्या जागी आजही आईचीच सही असते.