पान्यापासून पिवळ्या दिव्यापर्यंत

वाहन घरीच दुरुस्त करायची रीत खेड्यात फटफटीबरोबर आली नाही. ती बैलगाडीपासूनची. लाकूडकाम सुताराकडं, धाव लोहाराकडं. लोहार धाव तापवून चाकावर ठोकायचा, वर पाणी ओतलं की ती आवळून बसायची. त्याचं बलुतं सुगीला धान्यात जायचं. वंगण मात्र घरच्यानंच घालायचं. त्यामुळं गाडी कुठं कुरकुरते हे पोरासोरांनाही कळायचं.

१९७२ साली लुना आली. ५० सीसीचं इंजिन अन् सायकलीसारखं पायडल. बंद पडली तर पायडल मारत घर गाठता यायचं. लुना, राजदूत, त्या वेळच्या स्कूटरी, सगळ्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. जास्त झालं तर धूर आणि प्लग काळा. कमी झालं तर पिस्टन जाम.

अशीच एक जुनी गाडी माझ्याकडं होती. पहाटे दूध डेअरीला न्यायचं, अन् किक मारून मारून पोटऱ्या भरून यायच्या. प्लग काढा, काचपेपरनं घासा, पुसून बसवा. तरी चालू होईना, तर पॉइंट उघडा, पोस्टकार्ड घालून गॅप बघा. नेमका दहाचा पाना जाग्यावर नसायचा. कुणीतरी विहिरीवरच्या इंजिनाला नेलेला. पक्कडीनं नट धरला की त्याचे कोपरेच झिजायचे. तोवर डेअरीचं माप बंद. आतून घरची विचारायची, "अहो, झाली का चालू? का लावू दही?" त्या प्रश्नानं जेवढा राग यायचा, तेवढा गाडीचाही यायचा नाही.

१९८५ साली सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक. मिसळायची कटकट गेली, पेट्रोल कमी लागू लागलं. तरी कार्बोरेटर होता. चोकअप झालेला जेट फुंकून साफ करता यायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. धूर कमी झाला, हे चांगलंच. पण आता मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो. तो का लागला हे सांगणारं यंत्र तालुक्याला. म्हणजे टेम्पोचं भाडं, कामाचा खाडा, अन् कधीकधी निघतं काय, तर सैल झालेली वायर.

२०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात वाहनं आणि शेतीची अवजारंही घेतली. हा विषय शहरातल्या मोबाइलवाल्यांपुरता नाही. पेरणीला घात आली असताना ट्रॅक्टर दिव्यापायी उभा राहिला, तर घात थांबत नाही.

जुना धूर कुणालाच परत नको. दिव्याचा अर्थ गाडीच्या पुस्तकात मराठीत लिहून द्यावा, सुटा भाग बाजारात मिळावा, एवढंच मागणं आहे. पाना धरणारे हात अजून गावात आहेत.