साखर सोडलेला भाचा

‘साखर बंद!’ असे डॉक्टरांनी फर्मावले तेव्हा माझे वजन ९२ किलो होते आणि खिशात दरेकशाचे तिकीट होते. या दोन गोष्टी एकदम घडायला नको होत्या, कारण दरेकशाला माझी मावशी राहते.

गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना झाडीत लपलेले हे स्टेशन. जवळच बोगदा, हाजरा धबधबा आणि कचारगडची गुहा. माघी पौर्णिमेला तिथे गोंड भाविकांची मोठी जत्रा भरते. मावसाजी रेल्वेत होते. माझ्या लहानपणी साखर रेशनवर मिळे. मावशी स्वतः गुळाचा काळा चहा पिई आणि साखर एका डब्यात ठेवून तो डबा तांदळात पुरून ठेवी. भाचा सुट्टीत येणार ना!

गाडीत मी शत्रूचा इतिहास वाचत गेलो. साखरेविरुद्ध पहिले गाजलेले बंड केले लंडनच्या विल्यम बँटिंगने. हा गृहस्थ अंत्यविधीचे सामान पुरवणारा, म्हणजे घाई करण्यात त्याचा धंद्याच्या दृष्टीने तोटाच! वजन २०२ पौंड. कमी ऐकू येते म्हणून तो कानाच्या डॉक्टरकडे गेला, तर त्या डॉक्टरने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. (आमचे डॉक्टर त्या मानाने देवमाणूस.) वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ साली त्याने त्यावर पुस्तिका काढली आणि ती इतकी खपली की स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही ‘बांता’ म्हणतात. आपल्याकडे मात्र १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि साखर हा महाराष्ट्राचा अभिमान ठरला. तो अभिमान मी कमरेभोवती बाळगून होतो.

आता खरे सांगायचे तर साखरेत जादू नाही, पापही नाही. एका चमच्यात चार ग्रॅम, सोळा कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. पण साखर सोडून तेवढ्याच कॅलरींची भजी खाल्ली तर काटा हलत नाही. हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे.

“मावशी, चहा बिनसाखरेचा.”

“काहून रे बाप्पा?”

कारण सांगितले. ती मुकाट्याने आत गेली आणि भाजलेली मोहाची फुले घेऊन आली. “हे खाय मग. हे तं झाडाचं आहे.” सुक्या मोहाच्या फुलात निम्मी साखरच असते, हे तिला कोण सांगणार? आणि मोह आवरा, हे मला?

मग तिने डबा काढला. तोच, पोचे आलेला. “यातली साखर तुझ्या मावसाजीलेही देत नव्हतो मी,” एवढेच म्हणाली आणि झाकण लावू लागली.

मी कप पुढे केला. दोन चमचे, बत्तीस कॅलरी. त्या फेडायच्या म्हणून रात्री भाताची एक मूद कमी घेतली.

“आता भातही बंद केला का त्या डॉक्टरनं?” मावशीने वाढणी खाली ठेवत विचारले.