न निघालेला काटा : डॉ. मेरी वर्गीस

मंडळी, श्रद्धा आणि आजारपण हा विषय निघाला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "मग बरं वाटलं का?" ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न पहिल्या शतकापासूनचा आहे. शरीरातला काटा निघावा म्हणून आपण तीनदा विनवणी केली, असं पौल करिंथकरांना लिहितो. काटा काही निघाला नाही. पौलाचं काम मात्र थांबलं नाही.

आता आपण वेल्लोरला येऊ. मेरी वर्गीस ही कोचीन भागातल्या ख्रिस्ती घरातली मुलगी, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झालेली. जानेवारी १९५४ मध्ये सहलीला जाताना गाडीला अपघात झाला. मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. वय अवघं २८. त्या काळी असे रुग्ण अंथरुणातल्या जखमांनी, मूत्रमार्गाच्या संसर्गानं बहुधा दगावायचे.

तिथेच कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड होते. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते, हे त्यांनी मेरीला सुचवलं. कुष्ठरोगात नसा मरतात, बोटं आखडतात. चालू असलेल्या एखाद्या स्नायूची कंडरा वळवून बोटांना जोडली, की मूठ पुन्हा उघडते-मिटते. चाकाच्या खुर्चीत बसून मेरी हे काम करू लागली. पुढे पर्थला उपचार, न्यूयॉर्कला पुनर्वसनशास्त्राचं शिक्षण, आणि १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था. १९७२ साली पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये त्या गेल्या. पाय शेवटपर्यंत परत आले नाहीत.

इथं आपण जरा सावध राहू या. "देवानं मोठ्या कामासाठीच अपघात घडवला", असं म्हणून ही गोष्ट गोड करणं सोपं आहे. पण ते बिछान्यावरच्या माणसाला ऐकवून बघा! त्या उत्तरात त्याच्या वेदनेला जागाच उरत नाही. शुभवर्तमानात तर पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. विजय झाला म्हणून जखम पुसली गेली नाही.

म्हणून इतिहास वाचताना आपण "बरं वाटलं का?" एवढ्यावर थांबू नये. बरं वाटलं नाही, तरी माणूस एकटा पडला का, त्याला काम मिळालं का, हेही विचारावं. मेरीच्या बाबतीत त्याचं उत्तर वेल्लोरमध्ये उभं आहे.