रात्रपाळी, कायदा आणि शरीरातले घड्याळ

१८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. रेल्वेबरोबर गावात रात्रपाळी आली, ती पुरुषांची. कारखान्यांत स्त्रियांना रात्री कामावर ठेवायला इंग्रजांच्या काळापासूनच बंदी होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम ६६ खाली ती कायम ठेवली: संध्याकाळी सात ते सकाळी सहा, बाईला काम नाही. कारण सुरक्षिततेचे, घरसंसाराचे सांगितले जाई. रुग्णालय हा कारखाना नव्हे, म्हणून परिचारिका मात्र जागतच राहिल्या.

शरीरातल्या घड्याळाचा पत्ता पुढे फळमाशीत लागला. १९७१ मध्ये अमेरिकेत कोनोप्का आणि बेंझर यांनी दाखवले की एक जनुक बिघडले की माशीचा दिवस-रात्रीचा ताल बिघडतो. त्या जनुकाचे नाव ‘पिरियड’. हे घड्याळ चालते कसे, हे उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. अशीच जनुके माणसातही आहेत. पेशीने कधी विभागायचे, डीएनए कधी दुरुस्त करायचा, यात त्यांचा हात असतो. २००५ मध्ये तैवानच्या संशोधकांना स्तनाच्या कर्करोगाच्या बहुतेक गाठींत ‘पिरियड’ गटाच्या जनुकांचे काम विस्कटलेले आढळले.

त्याआधी, २००१ मध्ये, अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात तीस वर्षे किंवा अधिक रात्रपाळ्या केलेल्यांना हा धोका जास्त दिसला होता. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा पाळीकामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवले. ‘बहुधा’ हा शब्द विसरू नये. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकीला कर्करोग होतो, असा याचा अर्थ नाही.

आता इतिहासाची गंमत पाहा. विज्ञान हे सांगत असतानाच, २०१५ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून स्त्रियांना कारखान्यात रात्रपाळीची मुभा दिली. अट सुरक्षिततेची, ये-जा करण्याच्या सोयीची. शिरूर तालुक्यातले रांजणगाव आणि दौंडजवळचे कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींनाही हाच कायदा लागू झाला. वाटेतल्या धोक्याचा विचार झाला, पण शरीरातल्या घड्याळाचा झाला नाही.

इशानंतर उगाच गप्पा मारत जागणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते, हे आपण जाणतो. पण हलाल रोजीसाठी जागणाऱ्या बाईला ते ऐकवणे अन्याय आहे. बंदी परत आणा, असेही मी म्हणत नाही. तिने घरची चूल विझेल. मागायचे ते वेगळे: सलग रात्रपाळ्या कमी, मध्ये पुरेशी विश्रांती आणि नियमित तपासणी.

तपासणीला मोठे यंत्र लागतेच असे नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासल्यामुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तपासणारी बाईच असते. तेव्हा पडद्याची सबब पुढे करून आई-बहिणींना घरी बसवू नका. आणि गाठ हाताला लागली, तर ईद, लग्न, ऊसतोड, कशासाठीही थांबू नका.