राज्यपाल : पात्रता आणि अधिकार

लखनौच्या दक्षिणेस, रायबरेलीच्या रस्त्यावर तेलीबागजवळ बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ १९९६ साली स्थापन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच शहरातील राजभवनात असा एक प्रसंग घडला की, बाबासाहेबांनी संविधानसभेत राज्यपालपदाविषयी केलेल्या विवेचनाची आठवण होणे अपरिहार्य ठरले.

राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडला जावा, अशी सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील समितीची १९४७ सालची शिफारस होती. मे १९४९ अखेर संविधानसभेने ती बाजूस सारून राष्ट्रपतींकडून नेमणूक स्वीकारली. राज्यपालास स्वतःच्या मर्जीने वापरावयाची सत्ताच उरणार नसेल, तर त्याच्या निवडणुकीचा खटाटोप कशासाठी, असा या बदलामागील एक प्रमुख युक्तिवाद होता. राज्यपालास कर्तव्ये आहेत, स्वतंत्र अधिकार नव्हेत, ही बाबासाहेबांची भूमिका. पात्रतेच्या अटी तोकड्या राहिल्या त्या याच विश्वासापोटी, असे मला वाटते : कलम १५७ केवळ भारतीय नागरिकत्व आणि पस्तीस वर्षे पूर्ण झालेले वय एवढेच मागते.

परंतु स्वविवेकाचे शब्द मसुद्यात राहूनच गेले. हरि विष्णु कामत यांनी १ जून १९४९ रोजी ते गाळण्याची उपसूचना मांडली. संयुक्त प्रांताचे हृदयनाथ कुंझरू यांनीही शंका उपस्थित केल्या. १९३५ च्या कायद्यातील गव्हर्नरची ही सावली स्वतंत्र देशाच्या राज्यघटनेत कशाला, हा प्रश्न रास्त होता. उपसूचना फेटाळली गेली. आजच्या कलम १६३ नुसार एखादी बाब स्वविवेकाची आहे की नाही, याचा निर्णयही राज्यपालाचाच अंतिम.

२१ फेब्रुवारी १९९८ च्या रात्री रोमेश भंडारी यांनी कल्याणसिंगांचे मंत्रिमंडळ बडतर्फ करून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. बहुमताची परीक्षा विधानसभेत झालीच नव्हती. ती तेथेच व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात सांगून ठेवले होते. उच्च न्यायालयाने कल्याणसिंगांना पुन्हा पदावर आणले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २६ तारखेला सभागृहात दोघांसाठी एकत्र मतदान झाले : २२५ विरुद्ध १९६, कौल कल्याणसिंगांना.

यातील मर्म असे की, भंडारी हे काही गल्लीतले पुढारी नव्हते. परराष्ट्र सचिवपद भूषविलेला आणि पुढे गोव्याचेही राज्यपालपद सांभाळलेला हा अधिकारी पात्रतेच्या कोणत्याही कडक चाळणीतून सहज पार पडला असता. सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात नामवंत, त्या राज्याबाहेरील आणि नजीकच्या काळात राजकारणापासून दूर असलेली व्यक्ती सुचविली. सूचना उत्तमच, पण लखनौला दुखणे होते ते अधिकाराच्या सैल शब्दांत. त्यावर जो काही इलाज झाला तो न्यायालयाने, खटल्यामागून खटला निकालात काढीत केला. संसदेने घटनादुरुस्ती केली नाही. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये राज्यपालांनी दिलेला बहुमत-चाचणीचा आदेश घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी असमर्थनीय ठरविला. मात्र मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिलेला असल्यामुळे जुने सरकार परत आणता आले नाही.

कल्याणसिंग स्वतः २०१४ साली राजस्थानचे राज्यपाल झाले. त्याच वर्षापर्यंत ते लोकसभेचे सदस्य होते. कलम १५७ च्या दोन्ही अटी त्यांनी अर्थातच पूर्ण केल्या होत्या.