१ नोव्हेंबर २००९ : लॅम्बोवर फार्व्ह विरुद्ध रॉजर्स

ज्या लॅम्बो मैदानावर ब्रेट फार्व्हने अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्ससाठी १६ हंगाम गाजवले, तिथेच या दिवशी तो कट्टर प्रतिस्पर्धी मिनेसोटा वायकिंग्जकडून उतरला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याने चार टचडाउन पास देऊन सामना ३८-२६ असा जिंकला. २००८च्या मार्चमध्ये अश्रू ढाळत निवृत्त झालेला हा क्वार्टरबॅक काही महिन्यांतच परतायला निघाला, तेव्हा पॅकर्सने राखीव क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सवर विश्वास ठेवला आणि फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडले. तिथून एका हंगामानंतर तो वायकिंग्जकडे आला. पॅकर्सचा निर्णय चुकला, असे या दिवशी अनेकांना वाटले असेल. माझ्या मते तो योग्यच होता. पॅकर्सना त्या सामन्यात फार्व्हला एकदाही सॅक करता, म्हणजे पास देण्याआधी पाडता आले नाही, रॉजर्स मात्र सहा वेळा पाडला गेला. ऑक्टोबरमधल्या याच संघांच्या पहिल्या लढतीत तर आठ वेळा. म्हणजे फरक दोन क्वार्टरबॅकमध्ये कमी, त्यांना संरक्षण देणाऱ्या फळीत जास्त होता. चाळिशीतल्या फार्व्हने त्या हंगामात ३३ टचडाउन पास दिले, हा आक्षेप खराच. तो हंगाम अप्रतिम होता. पण संघाला पुढची दहा वर्षे पाहावी लागतात, आणि तीन वर्षे बाकावर थांबलेल्या रॉजर्सला आणखी थांबवणे अन्यायाचे ठरले असते. २०१०मध्ये वायकिंग्जविरुद्धच्या दोन्ही लढती पॅकर्सने जिंकल्या. फेब्रुवारी २०११मध्ये रॉजर्सने पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध सुपर बोलही जिंकून दिला.