जमिनीवरच्या नकाशाची कुळकथा

गावाच्या चौकात रांगोळी, खडे, पाने आणि बिया घेऊन गावकऱ्यांनीच आपल्या शिवाराचा नकाशा मांडायचा, ही मानवी परिस्थितिकीच्या अभ्यासातली रीत जेमतेम चार दशकांची आहे.

तिच्या मुळाशी लांबलचक प्रश्नावल्यांचा कंटाळा होता. आकडे हाती येईपर्यंत हंगाम सरून जाई. दुसरी वाट झटपट दौऱ्याची; तिला ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी ‘ग्रामीण विकासाचे पर्यटन’ म्हटले. पाहुण्यांची गाडी डांबरी सडक सोडत नाही, पाऊस सरल्यावरच येते आणि भेटतात ते पुढारी पुरुष. आडबाजूची वस्ती, भर पावसातले आजार आणि रिकाम्या कणग्या यांची नोंद होतच नाही. यावर तोड म्हणून १९७८ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात ‘शीघ्र ग्रामीण मूल्यांकना’वर कार्यशाळा झाली. त्याच सुमारास थायलंडमधील चियांग माई येथे गॉर्डन कॉनवे आणि सहकारी शेतीकडे परिसंस्था म्हणून पाहत होते. शिवारफेरी, ऋतुमानाचे तक्ते, कच्चे नकाशे ही अवजारे त्यांनी घडवली. पेन्सिल मात्र अजून संशोधकाच्याच हाती होती.

ती सुटली १९८८च्या सुमारास, केनियात आणि भारतात. गुजरातेत आगाखान ग्राम साहाय्य कार्यक्रमाने आणि पाठोपाठ कर्नाटकात मायराडा संस्थेने कागदाऐवजी जमीन वापरली. ऋतुमानाचा तक्ता असा मांडतात: बारा महिन्यांचे बारा दगड एका ओळीत, प्रत्येकासमोर पावसासाठी बियांची रास, मजुरीसाठी कमीजास्त लांबीच्या काड्या. चूक झाली तर शेजारचा माणूस हात घालून काडी बदलतो. लेखी प्रश्नावलीत ही सोय कुठली? अक्षरओळखीचा अडसरही उरत नाही. चेंबर्स १९८९ ते १९९१ हैदराबादेत होते. भारतातले हे प्रयोग त्यांच्या लेखनातूनही जगभर पोचले.

पुढे सरकारी योजनांनी ही पद्धत उचलली आणि बऱ्याच ठिकाणी तिचा रकाना भरण्यापुरता उपचार झाला. पश्चिम भारतातील एका शेतीप्रकल्पावर काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॉस यांनी १९९४ मध्ये आणखी मूलभूत आक्षेप घेतला: जाहीर बैठकीत वजनदार लोकांचेच मत गावाचे म्हणून नोंदले जाते आणि बायका बाहेर राहतात. म्हणून जाणकार कार्यकर्ते आता स्त्रियांचा नकाशा वेगळा काढून घेतात आणि मग दोन्ही नकाशे ताडून पाहतात.